सहा मिलिमीटर

३ मार्च

बारके,

फोन तू उचलत नाहीस. चुकून उचललास तर तुझा श्वास ऐकू येतो आणि मग बंद. म्हणून कागद. कागद फाडता येतो, पण फाडायच्या आधी माणूस त्यावर एक नजर टाकतोच, आणि तू तर लहानपणापासून पुडीचा कागदसुद्धा वाचून मग फेकणारी.

ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. तुला पाचवा महिना आहे हे मला आमच्या ऑफिसच्या गाडीवाल्याकडून कळलं. तो तुमच्या वरच्या वस्तीतलाच. "तुम्हाला माहीत असेलच," म्हणाला. मी म्हटलं, माहीत आहे की. सख्ख्या बहिणीची बातमी परक्याच्या तोंडून कळते हे कबूल करायची लाज वाटली. आईलाही सांगितलेलं नाहीस. ती मला विचारते, बारकी कशी आहे, आणि मी म्हणते, बरी आहे, कामात असते.

दुसरी गोष्टही त्यानेच सांगितली. नवी आरोग्यसेविका तुझ्याकडे आली तर तिला दारातूनच परत पाठवलंस. माझ्या दंडाला कोणी पट्टी लावायची नाही, म्हणालीस. पोरगी नवी आहे गं. ऑफिसात येऊन खुर्चीत बसली ती उठेचना. तिला वाटलं तिचंच काही चुकलं.

तू मला हवं ते बोल, पण तिच्याकडून मोजून घे. पूर्वीसारखं आता काही नाही. तेव्हा संशोधनाचा अभ्यास चालू होता, अर्ध्या वस्त्यांतल्या गरोदर बायकांना रोज एक पोषक पेस्टचं पाकीट आणि बाकीच्या अर्ध्यांना नेहमीच्या गोळ्या आणि सल्ला, आणि कोणत्या वस्तीला काय ते चिठ्ठ्या टाकून ठरलेलं. आता चिठ्ठ्या नाहीत. जिच्या दंडाचा घेर एकवीस सेंटिमीटरच्या आत भरतो, तिला बाळंत होईपर्यंत दवाखान्यातून आहार मिळतो. वस्ती कुठली हे कोणी विचारत नाही. पट्टी लावायला अर्धं मिनिट लागतं. ते अर्धं मिनिट तू देत नाहीयेस, आणि तुझा दंड कसा असतो ते मला माहीत आहे.

राहिला तुझा राग. चार वर्षांपूर्वी तू सातव्या महिन्यात चालत खाली ऑफिसात आलीस, माझ्याकडे पाकिटं मागितलीस आणि मी नाही म्हटलं. तुझी वस्ती गोळ्यांवाल्यांत निघाली होती. नियम माझा नव्हता, बारके. ज्यांना द्यायचं नाही त्यांनाही गुपचूप दिलं तर पाकिटाने काही होतं की नाही हे कधीच कळलं नसतं. आणि आता निकालही आलाय. पाकीट खाल्लेल्या आयांची बाळं सरासरी एक्केचाळीस ग्रॅमनी जड निघाली. म्हणजे एका अंड्याएवढीसुद्धा नाही. म्हणजे मी तेव्हा दिलं असतं तरी काही

असो. पट्टी लावून घे. एवढंच मागते.

तुझी,
ताई


१९ मार्च

बारके,

गाडीवाला म्हणाला, पत्र घेतलंस आणि डब्याखाली सरकवलंस. वाचलंस की नाही ते त्याला माहीत नाही. वाचलं असशील तर त्यातलं अंड्याचं वाक्य मागे घेते. तुझी मुलगी अकराव्या दिवशी गेली आणि मी तुला सरासरी सांगत बसले. हे वाक्य मी चार वर्षं मनात घोळवत असणार, नाहीतर इतकं सहज उतरलं नसतं.

निकालाच्या बैठकीत हाच आकडा मोठ्या पडद्यावर आला होता. आमच्या मॅडम, म्हणजे ज्यांचा हा सगळा अभ्यास, त्या म्हणाल्या की फरक लहान आहे पण खरा आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. शेजारी शिडी बसली होती, माझी जोडीदारीण. तू तिला ओळखतेस, ती उंच बाई, बाळाच्या तिसऱ्या दिवशी माझ्याबरोबर लांबी मोजायची फळी घेऊन आली होती ती. आम्ही दोघी मोजणीदार, आठ वर्षं एका गाडीतून फिरतोय. ती शिडी आणि मी काटा. वजनकाट्यावरून नाव पडलं की बोलण्यावरून, हे ऑफिसात अजून ठरलेलं नाही. शिडी माझ्या कानात म्हणाली, "सरासरी काढली की आपली वाईट घरं कुठे जातात गं?" मी तिला गप्प बस म्हटलं.

आज तुला एक सांगायचं आहे. तू आलीस त्या दिवशी ऑफिसात मी टेबलाशी बसले होते, गाडीवाला दारात टायर बघत होता. तू उन्हातून आली होतीस, तुझा चेहरा सुकला होता, आणि मी तुला पाणीसुद्धा आधी विचारलं नाही. तू म्हणालीस, "ताई, तू दिवसाला दोनशे पाकिटं वाटतेस. मला दोन दे. मी कोणाला सांगणार नाही." मी तुला नियम समजावला. नुसता समजावला असता तरी एक वेळ चाललं असतं, मी तुला शिकवणी दिली. उद्या सगळ्यांच्या बहिणी आल्या तर, असं मोठ्याने म्हणाले, म्हणजे गाडीवाल्यालाही कळावं की काटा किती सरळ आहे. तू आल्या वाटेने परत गेलीस.

तेव्हा माझ्या पिशवीत एक पाकीट होतं, अर्धं खाल्लेलं.

वाटपाच्या दिवशी कुणी घरी नसलं की दोन-चार पाकिटं उरायची. ती परत जमा करायची असतात. मी करायची नाही. सकाळी सहाला घर सोडायचं, दुपारी तीनपर्यंत पोटात काही नाही, आणि ती शेंगदाण्याची गोड पेस्ट, दात लावला की पाकीट फाटायचं. दिवसाला एक, कधी दोन. कागदावर लिहायचे, वाटपात फाटलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण आपल्या आईने माझ्यासाठीच राखून ठेवली असावी.

हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. आता तुला सांगितलं. मनातलं काढून टाकलं म्हणून बरं वाटतंय असं लिहिणार होते, पण वाटत नाहीये. तरी ज्या गोष्टीचा तुला राग आहे ती मी कबूल केली आहे, आता तू त्या पोरीला घरात घे.

ताई


६ एप्रिल

बारके,

तुझा निरोप मिळाला. गाडीवाल्याने तो जसाच्या तसा, तुझ्याच आवाजात दिला. तो नाटकात असायला हवा होता. "पाकिटासाठी मी चार वर्षं बोलत नाही असं वाटतं का तिला? म्हणावं, नीट आठव."

नीट आठव. गेले दहा दिवस मी फळी पुसते, पट्ट्या गुंडाळते, फॉर्म लावते आणि हे दोन शब्द मागे. पहिले दोन दिवस मी स्वतःला सांगितलं की तुला भलतंच काही म्हणायचं असेल. आईच्या दागिन्यांचं, मी लग्नाला उशिरा आले त्याचं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर भर दुपार होती. तुला कसं कळलं, हे मला अजून कळत नाही. की तुला काहीच माहीत नाही आणि मीच घाबरले आहे? काही असो. आता लिहिते. आज लिहिलं नाही तर परत कधी लिहिणार नाही.

ही ऑफिसची गोष्ट नाही, त्याच्या तीन महिने आधीची आहे. तुला चौथा महिना होता. अभ्यासात नावं घालायला शिडी आणि मी तुमच्या वस्तीत आलो होतो. पत्र्याच्या मोरीपाशी तू कपडे धूत होतीस, बाही ओली होती. तू हात पुसलेस आणि स्टुलावर बसलीस. आमच्यात पद्धत अशी आहे की एकीने पट्टी लावून आकडा मोठ्याने सांगायचा, दुसरीने तोच आकडा परत म्हणून लिहायचा. आणि स्वतःच्या नात्यातल्या माणसाला एकटीने मोजायचं नाही, त्या वेळी पट्टी जोडीदारणीकडे द्यायची. शिडीने हात पुढे केला होता. मी म्हटलं, राहू दे, मीच लावते, तू लिही.

तू बाही वर सारलीस तेव्हाच मला दिसलं होतं. तेव्हाही चार वर्षं दंडच बघत होते, पट्टी नुसती पुराव्याला लागते. खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या मधोमध खूण केली, पट्टी फिरवली, ओढली नाही, सैल सोडली नाही. वीस पॉइंट सहा.

मी म्हटलं, एकवीस पॉइंट दोन. शिडीने परत म्हटलं, एकवीस पॉइंट दोन, आणि लिहिलं.

पहिल्या पत्रात मी एकवीसचा नियम असा सांगितला जणू तो आत्ताच आलाय. तो तेव्हाही होता. अभ्यास असो नसो, चिठ्ठी कुठलीही निघो, एकवीसच्या आतली बाई दिसली की तिला त्याच दिवशी दवाखान्याची चिठ्ठी द्यायची, तिथून तिला आहार मिळतो आणि दर पंधरा दिवसांनी तपासणी होते. फक्त मग ती अभ्यासातून बाहेर जाते. आणि तुमच्या वस्तीतून पंचवीस बायका हव्या होत्या, शुक्रवारपर्यंत. चोवीस झाल्या होत्या. पंचविसावी तू. पंचवीस भरल्या नाहीत तर वस्तीच गळणार होती, आणि पर्यवेक्षकाच्या जागेसाठी माझं नाव मॅडमनी नुकतंच पुढे पाठवलं होतं.

एवढंच असतं तर मी हावरट ठरले असते. पण आणखीही होतं. शिडीसमोर माझीच बहीण एकवीसच्या आत निघावी हे मला नको होतं. बायकांना अंडं खा, दूध घे, दुपारी आडवी हो असं घरोघर सांगत फिरणारी काटा, आणि तिच्या घरचा दंड असा. मला लाज वाटली. तुझी नाही, माझीच. आणि मनात असंही म्हटलं की दवाखाना लांब आहे, हिच्या सासूबाई काही हिला पाठवायच्या नाहीत, मीच दर आठवड्याला हिला अंडी आणून देईन.

दोनदा आणली. तुला आठवत असेल. दोनदाच.

म्हणजे तू सातव्या महिन्यात ऑफिसात आलीस ती मागायला नव्हतीस आलेली, बारके. जे तुला नियमानेच मिळायला हवं होतं ते तू न कळता मागत होतीस. आणि ते मोडणारी मी तुला नियम शिकवत होते, पिशवीत उरलेलं पाकीट ठेवून.

याहून जास्त मला आठवत नाही. तुला जे म्हणायचं होतं ते हेच का, तेवढं कळव. नाही कळवलंस तरी पट्टी लावून घे.

ताई


२७ एप्रिल

बारके,

मॅडमना सांगितलं. तुझं उत्तर येईल म्हणून थांबले होते, मग वाटलं, तुझ्या उत्तरासाठी थांबणं हाही एक बहाणाच.

त्यांच्या खोलीत पंखा आवाज करतो म्हणून त्या तो बंद करून बोलतात. पंखा बंद केला. मी सगळं सांगितलं, पाकिटं, दंड, सगळं. त्या बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत होत्या. मग पहिला प्रश्न, "आणखी किती?" मी म्हटलं, दंड एकच. त्या म्हणाल्या, "हे मी कशावरून मानू?"  

तर आता मी मोजलेल्या सगळ्या बायका आणि मुलं, आठ वर्षांची, पुन्हा तपासणार आहेत. निकालाचा जो कागद छापायला गेला होता तो परत मागवला आहे. माझ्याकडून पट्टी आणि फळी काढून घेतली. नोकरी राहील की जाईल ते पुढच्या महिन्यात कळेल. मी मागच्या खोलीत जुने फॉर्म गावांप्रमाणे लावते. शिडी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी डबा घेऊन आली, समोर बसली, म्हणाली, "त्या आकड्याखाली सही माझी आहे. माझ्या तोंडून वदवलंस तू ते." आणि डबा न उघडता उठून गेली. तुझ्यासारखीच ती. ओरडली असती तर बरं झालं असतं.

निघताना मी मॅडमना विचारलं, तिला तेव्हा दवाखान्यात पाठवलं असतं तर बाळ वाचलं असतं का? त्या म्हणाल्या, एका बाळावरून काही सांगता येत नाही. पाठवलेल्यांचीही काही गेली, न पाठवलेल्यांचीही बरीच जगली. त्या खोटं बोलत नव्हत्या, त्यांचं शास्त्रच तसं आहे. दोन दिवस मी त्या वाक्याला धरून राहिले. मग लक्षात आलं, सांगता येत नाही याचा अर्थ मी सुटले असा होत नाही. वाचलंच नसतं, असंही सांगता येत नाहीच की.

आणि आता ती गोष्ट, जी मी मॅडमना सांगितली नाही, कारण तिला कुठल्या फॉर्मवर जागा नाही. बाळ गेल्यावर तुमच्याकडे लोक बसले होते. तुझ्या सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या की हिने नीट खाल्लं नाही, नवव्या महिन्यापर्यंत इस्त्रीच्या दुकानात उभी राहिली, कितीदा सांगितलं पण ऐकेल तर शपथ. तू आत भिंतीकडे तोंड करून पडली होतीस, आणि तुला सगळं ऐकू येत होतं. मी त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसले होते. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्हीच सांगा, तुम्ही तर यातल्या. आईने खाल्लं नाही तर बाळ कसं वाढणार?"

मी मान हलवली, बारके. हो म्हणून हलवली.

तू मला परत येऊ नकोस म्हणालीस ते त्यानंतर. तू पाहिलं होतंस की नाही ते मला माहीत नाही. पण मी त्या दिवशी एक शब्द बोलले असते तर तुझ्या डोक्यावरचं खापर माझ्या डोक्यावर आलं असतं. मी ते तुझ्याच डोक्यावर राहू दिलं. आकडा चुकीचा सांगायला मला एक क्षण लागला होता, पण गप्प मी चार वर्षं राहिले.

हे पत्र तू सासूबाईंना वाचून दाखव. मेहुण्यांनाही दाखव. आईला मी परवा सांगितलं. ती उठून मागे गेली आणि बादली भरत राहिली. बादली भरून वाहायला लागली तरी नळ चालूच होता. शेवटी मी जाऊन बंद केला.

शिडी येत्या मंगळवारी तुमच्या वस्तीत आहे. मी नसेन. माझा हात आता कोणाच्या दंडाला लागत नाही. तिच्याकडून तरी घे.

ताई


११ मे

ताई,

मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही. चारही पत्रं वाचली. पहिलं दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा चुलीत घालावंसं वाटलं.

शिडीबाई आल्या होत्या. वीस पॉइंट आठ. त्यांनी आकडा मला पट्टीवर बोट ठेवून दाखवला, मगच लिहिला. दवाखान्यात दोनदा जाऊन आले. हे घेऊन जातात गाडीवर. मळमळतं, पण खाते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाची वाढ या महिन्यात बरी आहे. पुढचं पुढे.

तुला कसं कळलं असं तू विचारलंस. अगं, पट्टी माझ्या दंडाला होती. मला आकडे वाचता येतात, तूच शिकवलेस. वीसच्या पुढे सहा रेघा होत्या. तू एकवीस म्हणालीस तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं, तू पट्टी गुंडाळत होतीस. मला वाटलं, ताईला जास्त कळतं. ही माणसं काहीतरी वेगळं मोजत असतील. आणि खरं सांगू का, मला बरंही वाटलं. दवाखान्यात जायचं म्हणजे दुकानातला खाडा आणि घरात बोलणी. म्हणून मी गप्प बसले.

मुलगी गेली तेव्हा वाटलं, मीच तेव्हा बोलायला हवं होतं. ताई चुकली तर मला आकडा दिसत होता ना? सासूबाई म्हणाल्या ते मला खोटं वाटलं नाही ते म्हणून. तू मान हलवलीस तेही मी पाहिलं. भिंतीवर तुमच्या सगळ्यांच्या सावल्या पडत होत्या. मग मी ठरवलं, हिने आपणहून सांगितल्याशिवाय हिच्याशी बोलायचं नाही. मला वाटलं होतं महिनाभर लागेल.

आता तू लिहिलंस म्हणून माझ्या मनातलं सगळं गेलं असं समजू नकोस. थोडं कमी झालं. पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी संध्याकाळी पहिलं ताट मला वाढलं.

तू इकडे येऊ नकोस अजून. मी सांगेन तेव्हा ये, नाही सांगितलं तर येऊ नकोस.

एक काम आहे. तिचं माझ्याकडे काही नाही. फोटो काढायचा राहून गेला, नावही ठेवायचं राहून गेलं. कपडे कोणीतरी देऊन टाकले. दवाखान्याचा कागद पावसात गेला. ती केवढी होती ते मी हाताने दाखवते, पण आता दाखवताना दर वेळी माप बदलतं असं वाटतं. तुम्ही दोघी तिसऱ्या दिवशी फळी घेऊन आला होतात, सगळं मोजून लिहून नेलंत. मला ते कोणी सांगितलं नव्हतं. काय लिहिलंय ते मला पाठव.

खरं असेल तरच पाठव.

बारकी


२० मे

बारके,

नऊ दिवस लागले. मला आता फॉर्म वाचायची परवानगी नाही, नुसते लावायची आहे, म्हणून मॅडमकडे तुझं पत्र घेऊन गेले. त्यांनी शेवटचा परिच्छेद वाचला आणि म्हणाल्या, हे आपण सगळ्याच आयांना द्यायला हवं होतं. किल्ली शिडीकडे दिली. मी दारात उभी राहिले, तिने फॉर्म काढून माझ्यापुढे धरला. नावाच्या जागी फक्त आकडा होता, बाळाला नाव नव्हतं म्हणून पुढे लिहिलं होतं, 'मुलगी'.

वजन : शिडी १ किलो ८७० ग्रॅम. मी १ किलो ८८०.
लांबी : शिडी ४३.६ सेंटिमीटर. मी ४३.३. पुन्हा घेतली तेव्हा शिडी ४३.५, मी ४३.४.
डोक्याचा घेर : शिडी ३०.९. मी ३१.०.
दंडाचा घेर : शिडी ८.०. मी ८.२.

हे खरं आहे. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस, आकड्यांकडे बघ. बाळाला दोघींनी वेगवेगळं मोजायचं असतं, आणि तिचे आणि माझे कुठेच सारखे नाहीत. दोन माणसं हलत्या-डुलत्या बाळाला खरंखुरं मोजतात तेव्हा असंच होतं, थोडं इकडे, थोडं तिकडे. सगळे अगदी जुळले असते तर मीच म्हटलं असतं, एकीने दुसरीचे उतरवलेत. आता हाताने दाखवायचं असेल तर तुझ्या कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत धर, त्यात एक बोट मिळव. शिडीने वरचे आकडे फॉर्मशी ताडून बघितले आहेत आणि खाली सही केली आहे.

फॉर्मच्या शेवटी शेरा लिहायला दोन ओळी असतात. बहुतेक वेळा आम्ही तिथे काही लिहीत नाही. तुझ्या मुलीच्या फॉर्मवर शिडीच्या अक्षरात लिहिलं आहे. जसंच्या तसं उतरवते :

'बाळ जागं, शांत. फळीवर हात सरळ करताना मावशीचं बोट घट्ट धरलं, सोडेना. म्हणून लांबी दुसऱ्यांदा घेतली.'

हे मी विसरले होते, बारके. आकडे सगळे पाठ होते.

ताई